जुन्या नकाशावर आमच्या शिवारात एक वाडी आहे, आता तिथं नुसता ऊस (करवीर, कोल्हापूर)

भोगावतीकाठ
मंडळी, नमस्कार. आमचं गाव करवीर तालुक्यात, भोगावतीच्या काठावर. चुलत आजोबांच्या ट्रंकेत परवा एक जुना नकाशा सापडला. इंग्रजी अक्षरांतला, भारतीय सर्वेक्षण खात्याचा, इंचाला मैल मापाचा. कडा वाळवीनं खाल्ल्यात, त्यामुळं साल कुठंच दिसत नाही. वरच्या उजव्या कोपऱ्यात तेवढं ४७ एल/२ शाबूत आहे. डाव्या कोपऱ्यात ‘बॉम्बे’ आणि त्याखाली ‘कोल्हा’ एवढंच उरलंय.

भिंग घेऊन बसलो. गावाचं देऊळ सापडलं, ओढा सापडला. देवळापासून नदीकडं जाताना तीन लाल चौकोन दिसतात, एकमेकांना चिकटून. शेजारी निळं गोल, त्याच्याजवळ बारीक अक्षरात ‘२०आर’. तिथून दुहेरी तुटक रेघ नदीपर्यंत जाते आणि पलीकडच्या काठावर परत सुरू होते. चौकोनांच्या वर नाव आहे, पण बरोबर त्यावरूनच घडी गेलीय. शेवटची अक्षरं ‘चीवाडी’ अशी लागतात, आधीचं सगळं विरलंय.

आज त्या जागी ऊस आहे, आणि तो आमचाच आहे. घरात विचारलं तर कुणालाच काही माहीत नाही. वडील म्हणाले, “तिथं कधी घर नव्हतं.” ही वाडी कुठली? आणि गेली कुठं? कुणी असं काही शोधलं असेल तर सांगा. मला खरंच झोप लागेना झालीय.

पाणंद
दुहेरी तुटक रेघ म्हणजे कच्चा रस्ता. ती नदीत तुटून पलीकडं सुरू होते म्हणजे तिथं उतार होता. पाणी कमी असताना बैलगाडी जायची ती जागा. तुमच्या इथं आता कोल्हापुरी बंधारा आहे काय? बरगे (बंधाऱ्याच्या फळ्या) घातले की पाणी तुंबतं आणि जुने उतार बुडतात. आमच्याकडं दोन तसेच गेले.

टेकडीवरचा
साल काढायला एक सोपी खूण सांगतो. राधानगरीच्या धरणाचं काम शाहू महाराजांनी १९०९ च्या सुमारास काढलं. नकाशात त्या धरणाच्या लक्ष्मी तलावाचं पाणी दिसत नसेल तर नकाशा त्याआधीचा.

४७एच
@टेकडीवरचा, खूण चांगली आहे, पण या शीटवर ती चालायची नाही. राधानगरी ४७ एल/२ मध्ये येतच नाही, ती ४७ एच/१५ वर आहे. ४७ नंबरचा चौकोन १६ ते २० अक्षांश आणि ७२ ते ७६ रेखांशाचा. त्याचे एकेक अंशाचे १६ तुकडे, ए पासून पी पर्यंत, वरून खाली मोजायचे. त्या प्रत्येकाचे पुन्हा १६. एल/२ म्हणजे ७४ ते ७४ अंश १५ मिनिटं आणि १६ अंश ३० ते ४५ मिनिटं. यात कोल्हापूर शहर, प्रयाग चिखली आणि भोगावतीचा खालचा भाग येतो. पन्हाळा एल/१ वर गेला.

आणि धरण काही एका सालात उभं राहिलं नाही. महाराज गेल्यावरही काम कितीतरी वर्षं रेंगाळलं. पाणी दिसत नाही म्हणून १९०९ च्या आधीचा, असं म्हणता येत नाही.

तरी साल बांधता येतं. ही ४७ एल/२ पद्धत १९०५ नंतरच्या नव्या रंगीत मालिकेची, म्हणजे नकाशा त्यापुढचा. कोपऱ्यातलं ‘कोल्हा’ हे बहुधा संस्थानाचं नाव, आणि संस्थान १ मार्च १९४९ ला मुंबई प्रांतात विलीन झालं. त्यामुळं पाहणी बहुधा १९०५ ते १९४९ मधली. शेजारची एल/६ कुठं मिळाली तर उजळाईवाडीला विमानतळ दाखवलाय का बघा, तो १९३९ चा. शेजारच्या शीटांची पाहणी बहुधा एकदोन हंगामांच्या अंतरानं व्हायची.

टेकडीवरचा
बरोबर आहे, शीटची हद्द मी बघितलीच नव्हती. धन्यवाद.

भोगावतीकाठ
@४७एच, नुसत्या नंबरावरून एवढं कळतं हे ठाऊकच नव्हतं. त्या ‘२०आर’चा अर्थ काय?

४७एच
आर म्हणजे रिलेटिव्ह. भोवतालच्या जमिनीपासून किती खोल किंवा किती उंच ते. निळ्या गोलाजवळ आहे म्हणजे विहीर २० फूट खोल. नदीच्या कडेलाही असे आकडे असतात, दरड किती उंच आहे ते सांगायला. पाहणीदारांनी विहिरीत दोर सोडून मोजलंय, हे लक्षात ठेवा. एवढं बारीक काम तंबूत राहून, पायी फिरून केलंय.

आज्जीचा_नातू
भावा, लई भारी सापडलंय तुला! आमचं आज्जं सांगायचं, पावसाळ्यात उतार बंद झाला की माणसं गुळाच्या काईलीत बसून नदी पार करायची. गुऱ्हाळाची मोठी काईल, आत दोघं-तिघं, वल्हवायला बांबू. मी लहानपणी थाप समजायचो. २०१९ च्या महापुरात चुलत्यानं खरंच काईल काढली आन् गल्लीतल्या दोन म्हाताऱ्या बाहेर आणल्या, तवा पटलं.

पूर्वेकडची
मला एक वेगळी शक्यता दिसते. गावापासून बाजूला, नदीकडं उतरत्या जमिनीवर तीनच घरं असतील तर ती महारवाड्याची असू शकतात. आमच्या गावात वस्ती अशीच होती, ओढ्याच्या पलीकडं. पुराचं पाणी सगळ्यांच्या आधी आमच्याकडं यायचं. आमच्या आजोबांनी घर वर बांधलं ते फार नंतर. वस्ती हलली की जुन्या जागेचं नाव गावाच्या तोंडात उरत नाही, कारण ते आधीपासूनच कुणी फारसं घेत नव्हतं. “तिथं कधी घर नव्हतं” हे वाक्य मी आमच्या जागेबद्दल स्वतःच्या कानानं ऐकलंय. तिथं चार पिढ्या राहिल्यात.

@भोगावतीकाठ, त्या शेताच्या आसपास हाडकी-हाडोळा नावाची जमीन आहे का बघा. ती महार वतनाची असायची.

भोगावतीकाठ
@पूर्वेकडची ताई, हे माझ्या मनातच आलं नव्हतं. आमच्याकडं बौद्धवाडी गावाच्या पूर्वेला आहे आणि नकाशावरही त्या जागी वेगळे चौकोन दिसतात. म्हणजे ही वाडी तिसरीच काहीतरी. पण हाडोळा शोधतो. आणि घरात विचारून थांबायचं नाही हेही लक्षात आलं. बौद्धवाडीत जाऊन विचारतो.

रोखठोक_करवीर
एक विचारू का? इंग्रजांनी सैन्याच्या सोयीसाठी काढलेल्या नकाशावर एवढा विश्वास कशाला? नावं तर धड लिहिता यायची नाहीत त्यांना. तीन चौकोन दिसले म्हणून वाडी होती म्हणायचं? १८९६ ला मुंबईत प्लेग आला, नंतर आपल्याकडंही आला, तेव्हा माणसं गाव सोडून रानात झोपड्या घालून राहायची. तशा झोपड्या असतील.

४७एच
नावांबद्दल बरोबर आहे, चुका भरपूर असतात. पण फळी टेबल (मोजणीची सपाट फळी) मांडून नकाशा प्रत्यक्ष काढणारे, साखळी धरणारे, खलाशी, हे बहुतेक आपलेच लोक होते. गावात शिरल्यावर विचारपूस करूनच नाव लिहायचे.

झोपड्यांचं म्हणाल तर कच्च्या, तात्पुरत्या झोपडीची खूण या नकाशांत वेगळी असते. भरीव लाल चौकोन म्हणजे कायमचं घर. शिवाय विहिरीला नीट वर्तुळ आहे. प्लेगला महिना-दोन महिने रानात राहणारी माणसं २० फूट विहीर खणत नाहीत.

रोखठोक_करवीर
विहिरीचं पटलं. सैन्याचं म्हणणं मी मागं घेत नाही. कुठं पाणी आहे, कुठून गाडा पार होतो, हे सगळं टिपलंय ते कशासाठी ते उघड आहे. पण आज ते आपल्या कामाला येतंय, तर येऊ दे.

साखळी_आणा
मी भूमी अभिलेखात मोजणीदार होतो, आता निवृत्त. दोन-तीन गोष्टी सांगतो.

पहिली. इंचाच्या नकाशावर अडकू नका. तो दिशा दाखवतो, हद्द सांगत नाही. गावनकाशा काढा. मोजणी ३३ फुटी साखळीनं व्हायची, तिचे १६ आणे. साखळी गुणिले साखळी म्हणजे १ गुंठा, १०८९ चौरस फूट. ४० गुंठ्यांचा एकर. हा हिशेब डोक्यात असला की जुन्या टिपणातले (मोजणीच्या नोंदीतले) आकडे बोलायला लागतात.

दुसरी. ती वाडी स्वतंत्र मौजे (महसुली गाव) होती की तुमच्या मौजेतली वाडी होती, हे आधी ठरवा. स्वतंत्र मौजे असेल तर माणसं गेली तरी गाव कागदावरून जात नाही. त्याला बेचिराग म्हणतात. दिवा लागत नाही ते गाव. त्याचा वेगळा नकाशा, वेगळी शीव राहते. शेजारच्या मौजेची शीव तुमच्या उसाजवळून विनाकारण वळसा घेऊन गेलीय का बघा. नसेल, तर ती तुमच्याच गावाची वाडी.

तिसरी, आणि इथंच सगळे चुकतात. तुमच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर जुना नाही. १९४७ च्या कायद्यानं एकत्रीकरण झालं, तेव्हा सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. जुना नंबर पाहिजे तर एकत्रीकरणाचा ९(३), ९(४) चा उतारा मागा. त्यावरून जुना सर्व्हे नंबर, त्यावरून टिपण आणि फाळणी (पोटहिश्शांची मोजणी). जुन्या टिपणात विहीर, झाड, बांध लिहिलेले असतात.

आणि एक प्रश्न. त्या शेताला तुमच्या घरात काय म्हणतात? गट नंबर नको. नांगराला जाताना काय म्हणता?

भोगावतीकाठ
काका, आम्ही ‘पांढर’ म्हणतो. “आज पांढरीला पाणी हाय” असं. माती जरा फिकी आहे म्हणून असेल.

साखळी_आणा
झालं की मग! पांढरी म्हणजे गावठाण, काळी म्हणजे शेत. काळी-पांढरी हा आपल्या महसुलातला सगळ्यात जुना जोडशब्द. जिथं माणसं पिढ्यान्‌पिढ्या राहिली, चुली पेटल्या, राख पडली, जनावरं बांधली, मातीच्या भिंती पडून परत उभ्या राहिल्या, तिथली माती पांढुरकी होते. तुमचे वडील “घर नव्हतं” म्हणतात आणि रोज त्या जागेला गावठाण म्हणून हाक मारतात.

आज्जीचा_नातू
अंगावर काटा आला राव.

गूळमाळ
पांढरीची माती म्हणजे खतच की. पूर्वी लोक जुन्या गावठाणातली माती गाड्या भरून शेतात टाकायचे. @भोगावतीकाठ, त्या तुकड्यात उसाला फुटवा जास्त येतो का? येत असेल तर वाडीच्या माणसांच्या नावानं गुळाचा एक रवा (ढेप) या धाग्यावर पाठवा.

भोगावतीकाठ
@गूळमाळ, बाकीच्या रानापेक्षा एकरी उतारा कायम चांगला! रवा पक्का.

दूरदेशी
मी कोल्हापूरचा, नोकरीनं बाहेर आहे. नकाशा स्कॅन करून क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये आजच्या उपग्रह चित्रावर बसवता येतो. फक्त जुने नकाशे पृथ्वीच्या एव्हरेस्ट नावाच्या गोलमापावर काढलेत आणि मोबाइलचं जीपीएस डब्ल्यूजीएस ८४ या दुसऱ्या मापावर चालतं. दोन्हींत शंभर मीटरच्या आसपास फरक पडतो. हे न बघता मोबाइल घेऊन गेलात तर दुसऱ्याच्या उसात उभे राहाल.

खुणेचे ठिपके म्हणून नदीचं वळण किंवा संगम घेऊ नका, नदी सरकते. दगडी देवळं, पूल, त्रिकोणाची खूण असलेले टेकडीमाथे घ्या. आजचं ५० हजार मापाचं शीट सर्वेक्षण खात्याच्या ऑनलाइन पोर्टलवर मिळतं. ते शेजारी ठेवलं की फरक लगेच दिसतो.

पाणंद
मापाचा साधा उपायही आहे. इंचाला मैल म्हणजे ६३,३६० पट. नकाशावरचा एक मिलिमीटर म्हणजे साधारण ६३ मीटर. देवळापासून चौकोन किती अंतरावर आहेत?

भोगावतीकाठ
पट्टीनं ६ मिलिमीटर. म्हणजे ३८० मीटर. हो, आमची पांढर देवळापासून तेवढीच आहे.

मोडीवाचक
उशिरा आले धाग्यावर. कागदांबद्दल सांगते. कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१८ साली कुलकर्णी वतन बंद करून पगारी तलाठी नेमले. त्यामुळं त्याआधीची गावदप्तरं कित्येक ठिकाणी वतनदारांच्या घरातच राहिली. गावात जुनं कुलकर्ण्यांचं घर असेल तर माळ्यावर रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत का ते विनंती करून विचारा. सगळं मोडीत असेल. घाबरू नका, वाचणारी माणसं आहेत, मी एक आहे. संस्थानचे कागद कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहेत. तिथं जाताना मौजे, पेठा (संस्थानातला तालुका) आणि अंदाजे साल घेऊन जा, नुसतं “आमच्या गावाचं काय आहे?” विचारलं तर कुणाला मदत करता येत नाही.

१८८६ चा मुंबई इलाखा गॅझेटिअरचा २४ वा खंड कोल्हापूरवर आहे, स्कॅन मिळतो. त्यात छोट्या वाड्या सापडायच्या नाहीत, पण नदी, उतार, बाजार, रस्ते यांचं वर्णन वाचण्यासारखं आहे.

टेकडीवरचा
पांढरीवरून आठवलं. शहरातली ब्रह्मपुरी टेकडीसुद्धा अशीच. पंचगंगेच्या काठावरचा मातीचा उंचवटा म्हणून लोक बघायचे. १९४५-४६ ला सांकलिया आणि दीक्षित यांनी तिथं उत्खनन केलं, सातवाहनकाळची वस्ती निघाली. समुद्रदेव पोसायडनची रोमन कांस्यमूर्तीही तिथलीच, टाउन हॉलच्या संग्रहालयात बघायला मिळते.

रोखठोक_करवीर
म्हणून विनंती. @भोगावतीकाठ, जेसीबी लावून खणत बसू नका. वर आलेलं उचला, फोटो काढा, जागा लिहून ठेवा.

पूर्वेकडची
शंभर टक्के सहमत. आणि बायकांना विचारा. शेतात खुरपणीला वाकून सगळं रान बघितलेलं असतं त्यांनी.

भोगावतीकाठ
मंडळी, नऊ दिवसांनी येतोय. बरंच घडलं.

शीव बघितली. वळसा नाही, सरळ आहे. म्हणजे साखळी काकांच्या म्हणण्याप्रमाणं वाडी आमच्याच मौजेतली. ९(४) चा अर्ज दिलाय, उतारा मिळायचाय.

हाडोळा गावाच्या पूर्वेला, बौद्धवाडीला लागूनच निघाला. तिथल्या एका आजोबांनी सांगितलं की त्यांच्या वडिलांच्या तोंडी ‘वाडीचा उतार’ असा शब्द होता. नाव फक्त ‘वाडी’.

मग पूर्वेकडची ताईंचं ऐकून आमच्याकडं खुरपणीला येणाऱ्या मावशींना विचारलं. त्यांचं वय सत्तरीच्या पुढं. त्या हसल्याच. म्हणाल्या, “आरं, त्या चिंचंखाली वाडीची आई हाय की. श्रावणात आमी वटी भरतो. तुझी आज्जी सुदीक भरायची.” मी त्या चिंचेखाली शंभर वेळा जेवलोय. बुंध्याला शेंदूर लावलेला धोंडा आहे, तो मला बांधाचा दगड वाटायचा.

परवा तोड झाली, रान मोकळं झालं. मावशी, मी आणि धाकटा भाऊ सरीसरीनं चाललो. दोन तासांत जी खापरं निघाली ती पाटीत मावेनात. बहुतेक लाल, काही काळी, एकाच्या काठाला नखानं दाबल्यासारखी नक्षी आहे, अंगठा ठेवला तर बरोबर बसतो. जात्याची अर्धी तळी मिळाली, मधलं भोक झिजून लंबगोल झालंय. विहीर मात्र दिसेना. चिंचेपासून नदीकडं वीसेक पावलांवर जमीन वाटीसारखी खचलीय आणि तिथं पाणी मुरतं. वडील आले, तिथं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “ह्या खड्ड्यात मी आन् तुझ्या आज्ज्यानं दगडं टाकल्यात. बैल पडला व्हता म्हणून.” विहीर त्यांनीच बुजवली होती. तरी त्यांना कधी वाटलं नाही की विहीर होती म्हणजे पाणी भरणारी माणसंही असतील.

काल रात्री ते आपणहून नकाशा मागून घेऊन बसले होते, भिंगासकट.

नावाचा मात्र अजून पत्ता नाही. कुणाकडं ४७ एल/२ ची जुनी धड प्रत असेल तर घडीच्या जागी काय लिहिलंय ते कळवा.

४७एच
वा! माझ्याकडं ५० हजार मापाचं नंतरचं शीट आहे, त्यात तुमच्या जागी घरं नाहीत, नावही नाही. फक्त देवळाची छोटी खूण आहे, एकटीच, शेताच्या मधोमध. ती बहुतेक तुमची वाडीची आई. इंचाच्या प्रतीसाठी ओळखीच्या दोघांना निरोप टाकलाय.

साखळी_आणा
उतारा हातात आला की सर्व्हे नंबर मला कळवा. टिपण वाचायला मी येतो. चिंच टिपणात असणार, अशी झाडं मोजणीदार सोडत नसत.

मोडीवाचक
कुलकर्ण्यांच्या घरी विचारलंत का?

भोगावतीकाठ
@मोडीवाचक ताई, हो. माळ्यावर दोन रुमाल आहेत, त्यांनी आनंदानं परवानगी दिलीय. येत्या रविवारी सकाळी ९ वाजता जमेल का? मी रंकाळ्यापासून गाडीनं घेऊन येतो. वडील म्हणालेत, बघायला मीपण येणार. साखळी काका, तुम्हीही या. @गूळमाळ, रवा त्या दिवशी तयार आहे.

मोडीवाचक
येते. रुमाल तोवर उघडू नका, जुना कागद घडीवर तुटतो. माळा अंधारा असेल तर बॅटरी आणा, आणि खाली अंथरायला एक स्वच्छ पांढरं धोतर.